माळ्यावरचं ग्लायडर

खोका दिवाळीत आला आणि दिवाळीतच माळ्यावर गेला.

जर्मनीहून सौमित्रने पाठवला होता. सौमित्र म्हणजे सिद्धांतचा इंजिनिअरिंगचा दोस्त, दादरचा, आता तिकडे शिकायला गेलेला. दोघं मिळून कॉलेजच्या गच्चीवर पुठ्ठ्याच्या नळ्यांची रॉकेटं उडवायचे आणि वॉचमनच्या शिव्या खायचे. खोक्यावर चित्र होतं. रॉकेटसारखं सरळ वर जायचं, वर गेल्यावर इंजिनाची नळी टाकून द्यायची आणि मग पंखांवर तरंगत, गिरक्या घेत खाली यायचं, असलं ते ग्लायडर. कोपऱ्यात पाच चांदण्या होत्या, पाचही भरलेल्या, म्हणजे करायला सगळ्यात कठीण.

निलेशने खोका उलटासुलटा करून पाहिला. "भारी आहे," तो मुलाला, सिद्धांतला, म्हणाला. "हात आले की कर." आणि स्टुलावर चढून त्याने तो माळ्यावर, गणपतीच्या पाटामागे सारून दिला.

हे "हात आले की" आधी समजून घ्यायला हवं, कारण लालबागच्या त्या एका खोलीतला सगळा संसार तिथे अडून बसला होता. सिद्धांत मागल्याच्या मागल्या गोकुळाष्टमीला हंडीच्या पाचव्या थरावरून पडला, तो मानेवर. वय वीस. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट जरासं उचलतं. बोटं हलत नाहीत. छातीच्या खाली काहीच नाही. तळहाताला पट्ट्याने एक काडी बांधली की तिच्या टोकाने तो टॅबवर टाइप करतो, आणि असा सपासप करतो की बघत राहावं. डोकं होतं तसंच आहे, जीभ तर जास्तच चालते. कॉलेजने दोनदा कळवलं होतं की शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला लेखनिक देऊ, हा सांगेल ते तो लिहील. निलेशने दोन्ही वेळा सांगितलं, थांबा, हात आले की स्वतः लिहील. पोराला जरा खाली, हवेत न्यायची काही सोय करू या का, असं कुणी म्हटलं की, कशाला, हात आले की कठड्याला धरून उतरेल. खाटेवरून दिसणारं आभाळ खिडकीएवढं. तेवढ्यावर पोराने दीड वर्ष काढलं आणि बाप म्हणतो, थांब.

बाप वाईट नव्हता हो. तसं कुणी म्हणणार नाही. मसाला कुटायच्या डंकावर कामाला होता, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभा राहून घरी यायचा आणि आल्याबरोबर पोराची लघवीची पिशवी स्वतः रिकामी करायचा. पण हात कितीही धुतले तरी तिखट ते तिखटच. एकदा सिद्धांतच्या डोळ्यात चिलट गेलं, हा काढायला धावला, आणि पोरगा तासभर ओरडत होता. स्वतःचा डोळा चोळायचीही सोय नाही. तेव्हापासून पोराचं तोंड पुसायचं काम मेघनाचं, म्हणजे सिद्धांतच्या आईचं.

फेब्रुवारीतल्या एका सुट्टीला दुपारी जेवून निलेश लवंडला होता. खाटेवरून आवाज आला.

"पप्पा, तो खोका काढा."

"कुठला?"

"नाटक नका करू. ग्लायडरचा. मी सांगतो, तुम्ही बनवा."

"मी? अरे, ते तुझं काम आहे. हात आले की..."

"नाही येणार."

मेघना ओट्याशी ताटं विसळत होती. नळ चालू राहिला, ताटांचा आवाज मात्र बंद झाला.

"असं नाही बोलायचं," निलेश म्हणाला. "आरोहीताईला विचार. परवाच व्यायाम घेताना म्हणाली ना, मनगट सुधारलंय."

"मनगट म्हणाली ती, बोटं नाही म्हणाली." सिद्धांतने टॅब काडीने बंद केला. "मला तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. या बिल्डिंगमध्ये फक्त तुम्हाला माहीत नाही."

निलेश उठला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडला. चिडला की तो तेच करायचा. पण जाताना स्टुलावर चढला आणि खोका घेऊन गेला, हेही खरं. दोन मजले खाली लवू राहायचा. लवू मखरं करायचा. आधी थर्माकोलची, बंदी आल्यावर पुठ्ठ्याची. कागदालाकडातलं काहीही असलं की चाळ त्याच्याकडे जायची. निलेश मनातून एकच मागत होता, लवूने म्हणावं, हे करण्यासारखं नाही. मग वर जाऊन तसं सांगता आलं असतं आणि विषय मिटला असता.

लवूने खोका उघडला. आत पांढरट लाकडाच्या पातळ पट्ट्या, नळ्या, एक मोठा नकाशा. त्याने एक पट्टी नखाने दाबली, तर खळगा पडला.

"ह्यां काय लाकूड? पापडी आसा ती," लवू म्हणाला. नकाशा त्याने भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिला. "पंख घासून घासून आकाराक आणूचे. पुढची कड गोल, पाठची पात्यासारखी. कुठे जरा जास्त झाला, गेला. तुझ्या हातांका जमूचा नाय, निल्या."

"म्हणजे करण्यासारखं नाही ना?"

"तां मी खंय म्हणलंय? तुझ्या हातांका नाय जमूचा इतक्याच म्हणलंय." मग जरा थांबून, "सिद्धाने सांगितल्यान काय?"

"हं."

लवूने पट्टी खोक्यात परत ठेवली आणि खोका त्याच्या हातात दिला. निलेशला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं, तेवढंच घेऊन तो जिना चढला.

वर आरोही आली होती. आरोही म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा यायची, परळहून. व्यायाम आटपून ती गॅलरीत चपला घालत होती. निलेशने नेहमीचाच प्रश्न विचारला, "बोटांचं काय वाटतं?"

इतके दिवस ती गोड शब्दांत सांगून निघायची. आज थांबली. "काका, मी तुम्हाला आधीपण सांगितलंय. इतक्या दिवसांनी बोटं येत नाहीत. मी रोज आले तरी नाही येणार. त्याला जे आहे ते वापरायला शिकवा. तो तयार आहे."

"चमत्कार होतात," निलेश म्हणाला.

आरोही जिना उतरून गेली. 

आता मुद्द्याचं ऐका. निलेशला हात यायलाच हवे होते, आणि ते पोरासाठी जेवढे हवे होते त्याहून जास्त स्वतःसाठी हवे होते. का, तर त्याचं असं झालं.

निलेश त्या गोविंदा पथकाचा जुना माणूस. वयाच्या सोळाव्या वर्षापासून थरात, पुढे शिट्टी त्याच्याच गळ्यात. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की पोरांना तोच उभं करायचा. त्यांच्या पथकात एक रिवाज होता. कुणी पडला की त्याला खाली राहू द्यायचं नाही. लगेच उचलायचा, पायावर उभा करायचा, हात वर करायला लावायचा. पब्लिकने शिट्ट्या मारल्या की बाकीच्या पोरांच्या पोटातली भीती जायची आणि पथक पुन्हा थर लावायचं. निलेश स्वतः तरुणपणी खांद्याचं हाड मोडून असा उभा राहिला होता, हात वर करून, आणि ती गोष्ट त्याने सिद्धांतला लहानपणापासून कौतुकाने सांगितली होती. त्यात कौतुक करण्यासारखं काय होतं देव जाणे, पण गल्लीत ते कौतुकच होतं.

सिद्धांत पडला तेव्हा निलेश दोन हातांच्या अंतरावर होता. गर्दी फोडून तोच सगळ्यात आधी पोचला. त्यानेच काखेत हात घालून पोराला उचललं आणि उभं केलं. आणि पोरगा उभा राहिला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "याला हलवलं कोणी?" मेघना बाजूलाच उभी होती, तोंडात पदर कोंबून. निलेश म्हणाला, "पब्लिकने उचललं, साहेब. मी पोचेपर्यंत." डॉक्टरने मान हलवली आणि म्हणाला की असं कधी उचलायचं नसतं, मानेला तिथेच जास्त इजा होते.

झालं. मेघनाने ते धरून ठेवलं. पथकातली पोरं भेटायला आली तेव्हा तिने त्यांना दारातच झोडपलं. तुमच्याच हातांनी माझं पोर गेलं, पुन्हा या दारात पाय ठेवलात तर बघा. पुढच्या वर्षी गणपतीत पोरं परत आली होती, काकू, सिद्धाला खुर्चीसकट उचलून खाली नेतो, आरतीला, आम्ही दहा जण आहोत. तिने बादलीतलं पाणी त्यांच्या अंगावर फेकलं. पोरांनी निलेशकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघत होता. ओल्या कपड्यांनी पोरं गेली. सगळ्यांना माहीत होतं, कुणी उचललं ते. सगळी गल्ली तिथे उभी होती. कुणी बोललं नाही, निल्यासाठी.

हात आले असते तर हे सगळं पुसून गेलं असतं. म्हणून खोका माळ्यावर.

त्या दिवशी आत येऊन निलेशने निकाल सांगितला. "लवूला दाखवला. करण्यासारखं नाही ते. लाकूड नखानेच तुटतं. आणि केलं तरी उडवणार कशावर? इंजिन कुठाय त्यात?"

"इंजिन पार्सलने येत नाही, फटाक्यासारखी दारू असते त्यात," सिद्धांत म्हणाला. "हाताने फेकलं तरी तरंगतं. गच्चीतून फेका."

"एवढी मेहनत करून गच्चीतून फेकायचं?"

"हो."

"त्यात काय मिळणार तुला?"

सिद्धांतने थोडा विचार केला. "माझ्या डोक्यातलं काहीतरी बाहेर येईल. दुसऱ्याच्या हाताने का होईना. एकदा बघायचंय मला ते जमतं का. जमलं तर परीक्षापण जमेल, लेखनिक घेऊन. मे महिन्यात." मग म्हणाला, "नसेल करायचं तर उद्यापासून आरोहीताईला सांगा येऊ नकोस म्हणून. जे येणार नाही त्याच्यासाठी मी रोज दोन तास मनगट उचलत बसणार नाही."

ही मात्रा लागू पडली. व्यायाम बंद म्हणजे निलेशच्या लेखी सगळंच बंद. पोराचं मन राखायचं, व्यायाम चालू ठेवायचे, आणि शेवटचा हात फिरवायचं काम त्याच्यासाठी बाकी ठेवायचं, असा हिशोब करून त्याने खोका पुन्हा उघडला. स्वतःशी खोटं बोलायची त्याला आता सवय झाली होती.

सुट्टीच्या दुपारी काम चालायचं. लवूने एक सपाट फळी दिली. खाट जरा वर उचलायची, सिद्धांतला उशांवर टेकवायचं, टॅबवर नकाशा, खाली जमिनीवर निलेश मांडी घालून. पहिल्याच दिवशी त्याने पंखाचा तुकडा लाकडाच्या रेषांना आडवा कापला.

"रेषा लांबीला पाहिजेत, पप्पा. आडव्या असल्या की बिस्किटासारखं मोडतं. सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. ऐकलं नाही."

"कान पण माझेच लावू का तुम्हाला?"

निलेश हसला. दीड वर्षात पोराने त्याची पहिल्यांदा थट्टा केली होती. नशीब, सौमित्रने दोन पट्ट्या जास्तीच्या टाकल्या होत्या. त्यातली एक खर्ची पडली.

मग घासणं. सँडपेपर एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने न्यायचा. मिरचीची पोती उचलणाऱ्या हाताला हलकं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सिद्धांत वरून बोलत राहायचा. हळू. आणखी हळू. आता उजेडाकडे धरा, सावली कुठे जाड दिसते बघा. तिथे. बस. बस म्हटलं ना. पांढरा भुगा निलेशच्या मांडीवर, फरशीवर, मेघनाच्या घासलेल्या भांड्यांवर. ती काही बोलायची नाही, पण एकदा जाता जाता पंख उचलून तिने पाहिला आणि म्हणाली, "हे तर पिसासारखं झालंय." सिद्धांतचा चेहरा असा उजळला की निलेश घासायचा थांबला. इतकं कमी लागत होतं, आणि तेही त्याने माळ्यावर टाकलं होतं.

कधी कधी तो विसरूनही जायचा. कामावर मिरच्या निवडताना त्याला शेपटीच्या पट्टीचं सुचायचं. घरी येऊन तो म्हणायचा, सिद्धा, ती मागची पट्टी आधी चिकटवली तर? आणि सिद्धांत म्हणायचा, नाही, पण विचार चांगला आहे. एकदा तर परीक्षेचा विषय निलेशनेच काढला. लेखनिक कसा मिळतो, आपल्यातलाच चालतो का, विचारलं. मग त्याचं त्यालाच काहीतरी लागलं आणि म्हणाला, "बघू. तोवर हातांचं काय होतंय ते." 

पंख जोडायचा दिवस आला. दोन अर्धे पंख मधोमध चिकटवायचे, पण सपाट नाही. दोन्ही टोकं थोडी वर उचललेली हवीत, तरच ते हवेत तोल सांभाळतं. सिद्धांतने मोजून सांगितलं. टोकांखाली काडेपेट्या ठेवल्या, सांध्याला गोंद लावला, दोन्ही अर्धे एकमेकांना भिडवले.

"आता सोडा," सिद्धांत म्हणाला. "हात बाजूला. गोंद वाळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आई, पंखा बंद कर."

मेघनाने पंखा बंद केला आणि परत ओट्याशी गेली. उकाडा झाला. बापलेक त्या फळीकडे बघत बसले. पंख खरंच सुंदर दिसत होते. निलेशच्या मनात आलं, हे आपण केलं. मग मनात आलं, नाही, हे याने केलं.

डावं टोक काडेपेटीवरून सरकलं. हळूच सरकलं आणि अर्धा पंख सांध्याशी कलंडून फळीवर आडवा झाला.

"हात लावू नका," सिद्धांत म्हणाला. "गोंद ओला आहे. आहे तसाच राहू दे, मी सांगतो कसं ते."

निलेशने ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण त्याचे हात त्याच्या आधी गेले, दोन्ही बाजूंनी पंखाखाली घुसले आणि त्याने तो झटक्यात उचलून उभा केला. बारीक आवाज झाला. सांधा सुटला आणि डावा पंख मुळापासून अर्ध्यापर्यंत रेषेरेषेने चिरत गेला.

निलेश तुकडा हातात घेऊन बसला. "चुकलो रे," तो म्हणाला. "पटकन उभा करावा म्हटलं."

"हो," सिद्धांत म्हणाला. "तेच करता तुम्ही."

 निलेशने वर पाहिलं नाही.

"माझी बोटं चालत होती, पप्पा." सिद्धांतचा आवाज शांत होता, भांडणाचा नव्हता. खूप दिवस तयार करून ठेवलेलं बोलणं असावं तसा. "मी खाली पडलो होतो. तुम्ही वाकलात. मी तुमचा टी-शर्ट पकडला, छातीशी, मुठीत. मी म्हटलं, उठवू नका, मानेत काहीतरी झालंय. तुम्ही म्हणालात, काही झालेलं नाही, उभा राहा, पोरं बघतायत. आणि उभं केलंत. मी मूठ सोडली नव्हती. ती सुटली."

खोलीत गॅसचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"माहीत आहे," निलेश म्हणाला.

बोलून गेला आणि मग त्याला कळलं की आपण बोललो. "टी-शर्ट ओढलेला होता, तो ढिला पडला. तेव्हाच कळलं मला. त्याच क्षणी."

"मग दीड वर्ष हात येतील, हात येतील, हे कुणाला सांगत होतात?"

निलेशने पंखाचा तुकडा फळीवर ठेवला. त्याला रडायला येत होतं, आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. "हात आले असते ना," तो म्हणाला, "तर मी काही केलंच नाही असं झालं असतं."

सिद्धांत खिडकीकडे बघत राहिला.

मेघना ओट्यापासून हलली नव्हती. एका खोलीत कुणाचं काय लपतं? तरी हे दीड वर्ष लपलं, हेच तिला आता खरं वाटत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत पब्लिकने उचललं."

"हो."

"डॉक्टरला पण."

"हो."

"ती पोरं आली होती. मी त्यांना दारातून हाकललं. अंगावर पाणी फेकलं." तिने दाराकडे हात केला. "याला खाली न्यायला आली होती ती. आणि एकानेही तोंड उघडलं नाही. तुम्ही इथेच उभे होतात. इथे."

निलेश वाट बघत राहिला की ती आता ओरडेल, आता काहीतरी फेकून मारेल. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने पदराला हात पुसले, आली आणि फळीपाशी उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

निलेश सरकला. ती त्याच्या जागेवर मांडी घालून बसली. चिरलेला पंख तिने उचलून बाजूला ठेवला. सँडपेपरचा ठोकळा निलेशच्या गुडघ्यापाशी पडला होता, तो घेतला.

"दुसरी पट्टी आहे ना?"

"खोक्यात," सिद्धांत म्हणाला. "अगदी तळाला. एकच आहे."

"मला यातलं काही कळत नाही. नीट सांग. आणि त्या कॉलेजात कुणाला भेटायचं तेही लिहून दे मला. उद्या मी जाते."

सिद्धांतने एकदा बापाकडे पाहिलं. निलेशला वाटलं, तो म्हणेल, राहू दे आई, पप्पांच्या हाताला आता सवय झालीय. खरंच झाली होती. त्याला लाकडाची सावली कळायला लागली होती, कुठे जाड, कुठे पातळ.

"आधी रेषा बघ, आई," सिद्धांत म्हणाला. "रेषा जातात तसंच घासायचं. आडवं नाही. आणि दाबू नकोस."

मेघनाने नवी पट्टी फळीवर ठेवली आणि घासायला लागली. तिचा पहिलाच हात बरोबर पडला. पट्टी मात्र फळीवर घसरत होती, एका हाताने आवरत नव्हती.

"मी धरतो एक बाजू," निलेश म्हणाला.

"तुम्ही नको," मेघना म्हणाली.